पाचवा साक्षीदार

४ ऑगस्ट, सोमवार

एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो अन् एकतीस वर्षं रोज वेबिल, म्हणजे फेरीचा हिशोब, भरलं. रिटायर होऊन आठ महिने झाले तरी दिवस कलला की हात शिवशिवतो. किती चढले, किती उतरले, कोण भांडलं, हे कुठंतरी उतरवल्याबिगर मला जेवण जात न्हाई. मनकर्णा म्हणली, "वहीत लिहा, माझं डोकं खाऊ नका." बायकोचा हुकूम. म्हणून ही वही.

आज समाजमंदिरात सूनबाईचं भाषण झालं. निकिता गावातल्या शेतकरी कंपनीत समन्वयक हाय. पुण्याच्या कुठल्याशा संस्थेनं आमच्या पेडगावात 'ओळखपेटी' नावाचं ॲप आणलंय, ते तिच्याच गळ्यात पडलंय. दाखले, सातबारा, शेळ्या-मेंढ्यांच्या लसीचे कागद, समदं ज्याचं त्याच्या फोनात कुलूपबंद. ज्या ऑफिसनं कागद दिला त्याचा शिक्का त्यातच. एका मोठ्या कपाटात समद्या गावाची ओळख अन् चावी तिसऱ्याच्या कमरेला, असलं काही न्हाई. कोणी विचारलं तर लागंल तेवढंच दाखवायचं. लोक डोकं खाजवायले, मला मात्र चटकन समजलं. पासवाला चढला की आपण पास चालू हाय का एवढंच बघतो. घरी भाकरी किती खातूस म्हणून विचारीत न्हाई.

सुगंधाबाईनं विचारलं, "अन् फोनच हरपला तर गं बाई?" सुगंधाबाई सत्तरीची, आठ शेळ्या राखते, अन् गावात तिच्याइतकं नेमकं कोणी विचारीत न्हाई.

निकिता म्हणाली, "त्यासाठी पाच साक्षीदार निवडायचे, मावशी. फोन गेला तर त्यातल्या तिघांनी समोरासमोर भेटून 'हाच तो माणूस' असं म्हणायचं, की नव्या फोनात पेटी उघडते. प्रत्येकासाठी एक प्रश्न लिहून ठेवायचा, ज्याचं उत्तर फक्त तुम्हा दोघांना माहीत आहे. कोण साक्षीदार आहे ते गुप्त. त्यालाही कळत नाही, गरज पडेपर्यंत." मग बोट वर करून म्हणाली, "माणूस समोर नसताना साक्ष मागितली गेली तर सरळ 'नाकारा' दाबायचं. तीन नकार आले की पेटी नव्वद दिवस बंद. आणि साक्षीची गोष्ट घरातही बोलायची नाही. असा माणूस निवडा, जो तुमची कीव येऊन बटण दाबणार नाही."

झकास बोलते पोरगी. मला सासरा असल्याचा अभिमान वाटला.

रामहरी बी आलता. मेंढरं राखतो तो. कोपऱ्यात बसून फोनात लय वेळ खुडबुड करायलाता. एकदा माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं.

६ ऑगस्ट, बुधवार

माझी पाच नावं भरली. वजनदार माणसं टाकली. तहसीलातले एक साहेब, परभणीचे वकील, आमचे जुने डेपो मॅनेजर, बँकेतले एक जण अन् एक माजी सभापती. मनकर्णानं विचारलं, "मला न्हाई टाकलं?" म्हणलं, तुझा फोन कायम डाळीच्या डब्यावर, बंद. तिनं भांडी जरा जोरात घासली.

प्रश्न लिहिताना मात्र घाम फुटला. तहसीलच्या साहेबाला अन् मला, दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट कोणती असणार? शेवटी लिहिलं, 'तुमचं आडनाव काय?'

१० ऑगस्ट, रविवार

गुप्त म्हणजे आमच्या गावात तोंडातोंडी. जो तो सुगंधाबाईला गाठून सांगायलाय, "मावशी, तुला टाकलंय बरं का." निम्मं गाव तिच्या शेळ्यांमागं. माझ्याकडं कुत्रं बी फिरकलं न्हाई. मी मानवतच्या बाजाराहून येणाऱ्या माणसाचं तोंड बघून सांगत होतो की कापूस विकून आला का बैल विकून. अन् साक्षीला मी चालत न्हाई. राहू दे. मला बी खामखा जबाबदारी नको.

मनकर्णा म्हणली, "लोकं भेतात तुमाला. रामहरीचं बघितलंय की समद्यांनी."

आता ते लिहितोच, म्हणजे एकदाचं डोक्यातून जाईल. रामहरी अन् मी पहिलीपासून एका पाटीवर लिहिलेले. सहा वर्षांमागं तो माझ्या गाडीत बोकड घेऊन चढला. म्हणलं, बोकडाचं लगेज-तिकीट फाड. तो समद्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणला, "देवाला न्यायलोय. देवाच्या बोकडाला कसलं तिकीट रे माणक्या?" गाडी खो खो हसली. मी म्हणलं, देवाचा असंल तर देवानं न्यावा, उतर. उतरवला फाट्यावर, उन्हात. डबल घंटी दिली अन् मागं वळून बघितलं न्हाई. नियम म्हणजे नियम. तवापासून बोलणं बंद. त्यानं बी केलं न्हाई, मी बी न्हाई.

२५ ऑगस्ट, सोमवार

वाईट झालं. रामहरीची एक मेंढी काल कॅनॉलात पडली. हा गडी कपड्यासकट उडी मारून गेला. मेंढी निघाली, खिशातला फोन गेला. त्याची लेक राजेश्री बारावीला चांगल्या मार्कांनी पास झाली, परभणीला नर्सिंगला नंबर लागलाय. तिचे समदे दाखले रामहरीच्याच पेटीत. कागदावरचे गेल्या वर्षी पालात भिजून लगदा झाले, म्हणून तर त्यानं पेटी काढलीती. नवे काढायला महिना-दीड महिना. अन् ॲडमिशनची शेवटची तारीख १२ सप्टेंबर. त्या दिवशी कागद न्हाई दाखवले तर जागा पुढच्या पोरीला.

रामहरीनं दुसरा फोन घेतलाय. आता तीन साक्षीदार पाहिजेत. निकिता म्हणाली, होऊन जाईल. होईल की. माझा काय संबंध.

२८ ऑगस्ट, गुरुवार

सुगंधाबाईनं साक्ष दिली. शाळेतल्या सिद्धोधन सरांनी दिली. दोन झाले. राहिले तीन, त्यातला एक पाहिजे. तर अंगदमामा पंधरा दिवसांमागंच वारले. मेव्हणा सटवाजी मेंढरं घेऊन बालाघाटाकडं गेलाय, त्याचा फोन लागत न्हाई. पाचवा कोण, ते रामहरी सांगंना. निकितानं विचारलं तर म्हणला, "त्याला फोनातनंच विचारतो." म्हणजे गावातच असणार कोणीतरी.

दुपारी एक गंमत झाली. माझ्या फोनात पेटीवर लाल ठिपका आला. उघडलं तर, 'एका व्यक्तीने आपली साक्ष मागितली आहे. ती व्यक्ती समोर असेल तरच पुढे जा.' नाव न्हाई, गाव न्हाई. समोर तर मनकर्णा होती, लसूण सोलायलीती. मला कोणी साक्षीदार केलंच न्हाई, तर साक्ष मागणारा येतोय कुठून? लबाडाचं काम. नाकारा दाबलं. आपण काय कच्चे खिलाडी न्हाई.

१ सप्टेंबर, सोमवार

निकिता जेवताना भाकरी निस्ती कुस्करायलीती. कुणीतरी साक्ष नाकारलीय, म्हणाली. रामहरीच्या पेटीवर एक नकार पडलाय. कोणाचा ते पेटी सांगत न्हाई.

माझं टाळकंच सरकलं. कसला माणूस असंल हा पाचवा! पोरीचं आयुष्य टांगणीला लागलंय अन् हा नाक वर करून बसलाय. भांडण असंल तर बापाशी असंल, पोरीनं काय घोडं मारलंय? मी मोठ्यानं बोललो तर मनकर्णानं माझ्याकडं लय वेळ बघितलं. मग म्हणली, "तुमाला काही आलतं का हो फोनात?" म्हणलं, साक्षीची गोष्ट घरात बोलायची न्हाई, तुझ्याच सुनेनं सांगितलंय. अन् आलं बी असंल तर लबाडांचं आलं असंल, माणिकराव फसत न्हाई. तिनं भाकरी थापता थापता कपाळाला हात लावला. कपाळाला पीठ लागलं.

४ सप्टेंबर, गुरुवार

सांच्याला ओट्यावर बसलोतो. समोर एसटी थांब्यापाशी रामहरी उभा. आमच्या घराकडं तोंड, हातात फोन. शेवटची गाडी तर कवाच गेली, मग कशाची वाट बघायलाय? मी पेपर वर धरला. तेवढ्यात माझ्या फोनात परत तोच लाल ठिपका, परत तेच वाक्य. समोर कोणी? समोर पेपर होता. नाकारा दाबलं. पेपर खाली घेतला तर रामहरी गावाबाहेरच्या वाटंला लागलाता, मान खाली घालून.

बघून मला कसंतरीच झालं. पायात काटा रुतला असंल त्याच्या, जरा लंगडायलाता. पण हाक कशी मारायची? त्यानं आधी मारावी.

खरं सांगायचं तर त्या दिवशी डबल घंटी मी लगेच दिली नव्हती. ड्रायव्हर बालाजी तंबाखू मळायलाता, म्हणून थोडा उशीर झाला. वहीत चुकीचं नको राहायला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

दुसरा नकार पडला. निकिता रडायचीच राहिली. अजून एक पडला की पेटी नव्वद दिवस बंद अन् ॲडमिशन गेलं. संस्थेचे लोक म्हणाले, आम्हाला बी उघडता येत न्हाई, उघडता आलं असतं तर कुलूप कशाला म्हणायचं. ते बरोबर हाय. पण त्या पाचव्याला फाट्यावर नेऊन उन्हात उभा केला पाहिजे.

८ सप्टेंबर, सोमवार

राजेश्री आलती घरी. मनकर्णापाशी बसून शेंगा फोडू लागली. लहान होती तवा माझ्या गाडीत चढली की माझ्याच सीटवर बसायची, पंचिंगचा चिमटा मागायची. सहा वर्षं झाली तिच्याशी धड बोलून. म्हणलं, अभ्यास करायलीस का? ती म्हणली, "कशाचा करू काका, ॲडमिशनच न्हाई झालं तर?" मग हसली, बळंच. "बाबा म्हणतेत, मी चुकीचा माणूस न्हाई निवडला. निस्तं एवढंच म्हणतेत अन् मेंढराकडं जातेत."

मी शेंगा उगीच मोजायला लागलो. लेकरू आमच्या भांडणाच्या आधी किती हसायचं.

मनकर्णा म्हणली, "राजू, तुझ्या बाबाला म्हणावं, गुरुवारी सकाळी घरीच राहा." का म्हणून विचारलं तर म्हणली, मेंढीचं दूध पाहिजे. मेंढीचं दूध हिला कशाला?

११ सप्टेंबर, गुरुवार

आज सवडीनं लिहितो. एकसुद्धा गोष्ट सोडत न्हाई.

सकाळी मनकर्णा चहा गाळता गाळता म्हणली, "एकतीस वर्षं बिनतिकिटाचे पकडले म्हणता. मग जा की, रामहरीच्या तोंडून त्या पाचव्याचं नाव काढून आणा. उद्या शेवटची तारीख."

म्हणलं, मी? त्याच्या दारात?

"का? दाराशी गाडी लावू का?" मग म्हणली, "फोन घेऊन जावा. चार्ज केलाय." नाव काढायला फोन कशाला लागतोय, ते कळलं न्हाई. पण चहा पिता पिताच माझं पित्त खवळलं होतं. त्या पाचव्याला सोडायचंच न्हाई म्हणून निघालो.

रामहरी मेंढरांच्या वाड्याच्या जाळीपाशी उकिडवा बसून मेंढीच्या खुराला औषध लावायलाता. सहा वर्षांनी त्याच्या अंगणात पाय ठेवला. कुत्रं सुद्धा नवीन होतं, भुकलं. मी उभ्या उभ्याच सुरू केलं.

"रामहरी, तुझं-माझं काय ते तुझ्या-माझ्यापाशी. पोरीचा प्रश्न हाय. तो पाचवा कोण हाय, त्याचं नाव सांग. मी जातो अन् कानाला धरून आणतो."

तो माझ्या तोंडाकडं बघतच राहिला. "लय निब्बर हाय तो. येत न्हाई."

"मी आणतो की!"

"दोनदा न्हाई म्हणला."

"म्हणंना. माणूस हाय का दगड हाय? तू निस्तं नाव सांग."

त्यानं औषधाची बाटली बाजूला ठेवली. धोतराला हात पुसले. नवा फोन काढून एका बोटानं काहीतरी दाबलं. माझ्या खिशात फोन वाजला.

लाल ठिपका. 'एका व्यक्तीने आपली साक्ष मागितली आहे. ती व्यक्ती समोर असेल तरच पुढे जा.'

मी फोनकडं बघितलं. मग समोर बघितलं. समोर रामहरी होता.

मी तिथंच शेणाच्या पाटीपाशी बसलो. काय काय बोललोतो मी त्या पाचव्याला, या वहीत अन् घरात! निकिताच्या तोंडावर, मनकर्णाच्या तोंडावर. मनकर्णाला तर पहिल्या दिवसापासून कळलंतं, आता आठवायलंय समदं.

म्हणलं, "आरं, मग सांगायचं न्हाईस का?"

"साक्षीची गोष्ट बोलायची न्हाई, असं तुझ्या सुनंनंच सांगितलं. अन् थांब्यापस्तोर आलतो की. तू पेपर धरलास."

"आत यायचं!"

"तू बोलवायचं!"

मेंढी ओरडली. मग म्हणलं, "पण मला का टाकलास बाबा? सहा वर्षं तोंड बघितलं न्हाई आपण."

"निकितानं सांगितलं, असा माणूस निवडा जो कीव येऊन बटण दाबणार न्हाई. जिगरी दोस्ताला बी नियमात सूट न देणारा पेडगावात एकच गाढव हाय."

त्याच्या फोनावरचं ठिपक्यांचं चौकोनी चित्र मी माझ्या फोनानं टिपलं. चक्र फिरलं अन् त्यानं माझ्यासाठी लिहून ठेवलेला प्रश्न आला. ४ ऑगस्टला लिहिलेला, समाजमंदिरात, मी खिडकीकडं बघत होतो तवा.

'मला उतरवल्यावर गाडी किती मिनिटं उभी होती?'

आता खरं लिहितो. या वहीत मी दोनदा खोटं लिहिलं. बालाजी तंबाखू मळत नव्हता. तो तर म्हणायलाता, "माणिकराव, घंटी द्या की, टाइम झाला." मी दारात उभा राहून घड्याळ बघायलातो अन् मनात म्हणायलातो, ये रे, एकदा 'चुकलं' म्हण, न्हाई म्हणलास तरी ये, लगेज मी माझ्या खिशातनं फाडतो. गाडीतल्या लोकांनी आरडाओरडा केला. मी म्हणलं, टायर तपासायलेत. सहा वर्षांत हे कोणाला सांगितलं न्हाई, मनकर्णाला बी न्हाई. मला वाटायचं, हे फक्त मला ठाऊक हाय.

"तू बघत होतास?" मी विचारलं.

"बाभळीखाली होतो. मोबाइलात टाइम बघायलातो. म्हणलं, आता हा हाक मारंल, मग चढू."

"मी म्हणलं, तू येशील."

"मग?"

"मग काय. बालाजीनं हॉर्न दिला."

माझ्या डोळ्यातनं पाणी यायला लागलं. लपवलं न्हाई. मी आकडा दाबला, सात. खाली दोन बटणं आली, 'मान्य' अन् 'नाकारा'. बोट वरच अडलं. दोनदा चुकलेलं बोट ते, त्याचा काय भरवसा.

रामहरी म्हणला, "काय बघतूस माणक्या? दे की आता घंटी."

दिली.

त्याच्या फोनात एक एक कागद वर यायला लागला. रहिवास, उत्पन्न, जात, बारावीचं मार्कशीट. राजेश्री आतून पळत आली, माझ्याकडं बघितलं, बापाकडं बघितलं अन् मटकन खाली बसून रडायला लागली. निघताना रामहरीनं तांब्याभर मेंढीचं दूध दिलं. म्हणला, मनकर्णानं मागितलंय. घरी नेलं तर मनकर्णा म्हणली, "ईऽ, हे कोण पितंय!"

१२ सप्टेंबर, शुक्रवार

निघायच्या आधी माझ्या पेटीतली यादी पुसली. पाचही साहेब उतरवले. पहिलं नाव मनकर्णाचं. तिचा प्रश्न सुचायला वेळ लागला न्हाई, उत्तर मेंढीचं दूध हाय. दुसरा रामहरी. सुगंधाबाई, निकिता, सिद्धोधन सर. कोणाच्या बी प्रश्नाला घाम फुटला न्हाई.

परभणीला आमी तिघं गेलो, राजेश्री, रामहरी अन् मी. खिडकीतल्या बाईनं रामहरीच्या फोनातले राजेश्रीचे दाखले बघितले, यंत्रानं हिरवी खूण दाखवली, पावती हातात आली. दहा मिनिटं बी लागली न्हाईत. नर्सबाई झाल्यावर मला पहिलं इंजेक्शन तीच देणार हाय, असं बापलेकीचं ठरलंय. जाड सुईनं, असं बी ठरलंय.

परतीच्या गाडीत कंडक्टर नवी पोरगी होती, चुणचुणीत. मी पैसे काढायच्या आत रामहरी पुढं सरला.

"पेडगाव. दोन फुल, एक महिला," तो समद्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणला. "अन् एका बोकडाचं लगेज."

पोरीनं सीटखाली वाकून बघितलं. "बोकड कुठंय काका?"

त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

गाडी खो खो हसली. मी सगळ्यांत जास्त हसलो. पोरीनं काही लगेज फाडलं न्हाई, तेवढी एक नोंद राहिली. मग तिनं डबल घंटी दिली अन् आमी निघालो.